परतल्यानंतरचा आजार : प्रस्तावना

परदेशी गेलेल्या माणसाचे पोट बिघडणे ही इतकी सर्रास गोष्ट आहे की तिच्यावर स्वतंत्र पुस्तक कशाला, असे कोणालाही वाटेल. कुठल्या देशात आणि कुठल्या ऋतूत गेलो यावर अवलंबून, दोन आठवड्यांच्या मुक्कामात शंभरातल्या ३० ते ७० प्रवाशांना जुलाब होतात. त्यांतले बहुतेक जिवाणूंमुळे होतात. ते अचानक सुरू होतात, एक-दोन दिवस माणसाला लोळवतात आणि मीठ-साखरेचे पाणी, विश्रांती, क्वचित एखादे प्रतिजैविक एवढ्यावर चार-पाच दिवसांत ओसरतात. सहल कंपन्यांच्या सूचनापत्रकात या दुखण्याबद्दल चार ओळी असतात आणि बहुतेक प्रवाशांना त्या पुरतात.

हे पुस्तक ज्यांना त्या चार ओळी पुरत नाहीत त्यांच्यासाठी आहे. ज्यांचे जुलाब दहाव्या दिवशीही थांबलेले नाहीत, किंवा थांबले असे वाटून पुन्हा सुरू झाले. ज्यांना फारसा ताप नाही, रक्त पडत नाही, पण जेवणाचे ताट समोर आले की नको वाटते. ज्यांचे कपडे महिन्याभरात सैल झाले आणि ज्यांना साधा जिना चढायचाही थकवा येतो, अशांसाठी. या दुखण्यामागे बऱ्याचदा परजीवी असतात : जिआर्डिया, सायक्लोस्पोरा, क्रिप्टोस्पोरिडियम आणि आमांशाचा अमिबा. प्रवाशांच्या एकूण जुलाबांत त्यांचा वाटा लहान आहे. दीर्घ मुक्काम करणाऱ्यांमध्येही तो साधारण दहा टक्के भरतो. पण दुखणे चौदा दिवसांच्या पुढे गेले की जिवाणू मागे पडतात आणि संशयितांच्या यादीत परजीवी वर सरकतात.

या परजीवींची खरी अडचण त्यांच्या वेळापत्रकात आहे. जिवाणूंचा त्रास खाल्ल्यापासून काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत सुरू होतो. जिआर्डियाला एक ते दोन आठवडे लागतात. सायक्लोस्पोरा आणि क्रिप्टोस्पोरिडियम साधारण आठवडा घेतात. अमिबा दोन ते चार आठवडे घेतो आणि त्याने यकृतात केलेले गळू तर काही महिन्यांनी उघडकीला येऊ शकते. आठ-दहा दिवसांच्या सहलीला गेलेला माणूस तोवर घरी परतलेला असतो. बॅगा रिकाम्या झालेल्या असतात, ऑफिस सुरू झालेले असते. पोट दुखू लागते तेव्हा त्याला कालचे लग्नाचे जेवण आठवते, परवाची भेळ आठवते. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या देशात प्यायलेले पाणी आठवत नाही. डॉक्टरही ते विचारतातच असे नाही. कारण एका गावी आणि आजार दुसऱ्या गावी, अशी ही ताटातूट आहे. ती जोडता आली की निदान होते आणि बहुतेक वेळा उपचारही सोपा असतो. ती जोडायची कशी, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

ताटातुटीची किंमत किती मोठी असू शकते हे १९३३ साली शिकागोत दिसले. त्या वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि देशभरातून लाखो लोक ते पाहायला आले होते. काही पाहुणे ज्या हॉटेलांत उतरले, तिथल्या जुन्या नळजोडणीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. अमिबाचा संसर्ग हजाराहून अधिक लोकांना झाला आणि ९८ जण दगावले. साथ लक्षात यायला वेळ लागला, कारण रुग्ण शिकागोत नव्हतेच. ते आपापल्या गावी पांगले होते. ज्या डॉक्टरांनी अमिबाचा आमांश कधी पाहिला नव्हता त्यांनी काहींना अपेंडिक्सचा रुग्ण समजून शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले. न्यूयॉर्कच्या रंगमंचावरची गाजलेली कलावती टेक्सस गिनन हिला हा आजार शिकागोत जडला आणि नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तिचा मृत्यू झाला. मधले अंतर तीन हजार किलोमीटरच्या घरातले. हे सगळे अमेरिकेतल्या एका आधुनिक, श्रीमंत शहरात घडले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या पुस्तकाचा मोठा भाग मात्र काठमांडूला दिला आहे. परजीवी, पाणी, ऋतू आणि प्रवासी यांचे नाते जितके स्पष्ट तिथे उलगडले तितके क्वचितच कुठे उलगडले असेल. १९८२ साली तिथे परदेशी रहिवासी आणि प्रवासी यांच्यासाठी सिवेक नावाचा दवाखाना सुरू झाला. डेव्हिड श्लिम या अमेरिकी डॉक्टरांनी तो पुढे अनेक वर्षे चालवला. जुलाब हा तिथला रोजचा आजार. त्यामुळे कोणता जुलाब नेहमीचा आणि कोणता वेगळा, हे ओळखण्याची नजर त्या दवाखान्याला आली होती. १९८९च्या पावसाळ्यात नेहमीपेक्षा वेगळे रुग्ण येऊ लागले. पातळ शौचास होई, काही दिवस बरे वाटे, पुन्हा सुरू होई. भूक पार मरून जाई. थकवा इतका की तरुण, धडधाकट माणसे दुपारी अंथरुणाला पाठ लावल्याशिवाय उठू शकत नसत. उपचाराविना हे सहा-सहा आठवडे चाले. नेहमीची औषधे लागू पडत नव्हती.

शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात गोल, स्वच्छ कडा असलेले कण दिसत. ते क्रिप्टोस्पोरिडियमसारखे होते, पण आकाराने दुप्पट : क्रिप्टोस्पोरिडियम चार ते सहा मायक्रॉनचा, हा आठ ते दहा मायक्रॉनचा. अतिनील प्रकाशात तो निळसर चमकत असे. आतली रचना पाहून संशोधकांना तो शेवाळाच्या जातीचा वाटला आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख शेवाळासारखा जीव असाच झाला. दरम्यान पेरू देशात लिमा शहरातही असेच कण सापडत होते. तिथे इनेस ओर्तेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कण काही आठवडे प्रयोगशाळेत सांभाळून ठेवले. कणाच्या आत दोन कोश तयार झाले आणि प्रत्येक कोशात दोन-दोन जंतू. कोडे सुटले. हा सायक्लोस्पोरा कुळातला परजीवी होता. लिमाच्या काएतानो एरेदिया विद्यापीठावरून त्याला सायक्लोस्पोरा काएतानेन्सिस हे नाव मिळाले. मग जुने कागद उघडले गेले. पापुआ न्यू गिनीमध्ये आर. डब्ल्यू. ॲशफर्ड यांनी असेच कण पाहिल्याची नोंद १९७९ साली छापून आलेली होती. जीव जुनाच होता, ओळख नवी होती.

लिमातल्या त्या प्रयोगाने आणखी एक मोलाची गोष्ट कळली. शौचातून बाहेर पडलेला सायक्लोस्पोरा लगेच कोणाला आजारी पाडू शकत नाही. त्याला उबदार, दमट हवेत पिकायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. मध्ये माती, पाणी किंवा पालेभाजी लागते. नेपाळमध्ये त्याचा जोर पावसाळ्याच्या तोंडावर वाढतो, ऐन पावसाळ्यात शिगेला जातो आणि हिवाळ्यात तो जवळजवळ नाहीसा होतो. गिर्यारोहकांची गर्दी मात्र पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा वसंतात होते. पावसात शहरात राहणारे दूतावासांतले, मदतसंस्थांतले लोक म्हणूनच या आजाराचे पहिले साक्षीदार ठरले.

पुढे दोन गोष्टी घडल्या आणि चित्र पूर्ण झाले. १९९२ साली पोखऱ्यातल्या ब्रिटिश सैन्याच्या एका छोट्या तुकडीत आणि त्यांच्या कुटुंबीयांत १४ पैकी १२ जण आजारी पडले. ते पीत होते ते पाणी क्लोरीन घातलेले होते आणि त्या पाण्यातच सायक्लोस्पोरासारखे कण मिळाले. क्लोरीनवर विसंबता येत नाही, हे यातून कळले. दुसरी गोष्ट आनंदाची. १९९५ साली नेपाळमधल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोट्रायमॉक्साझोल हे जुने, स्वस्त औषध सात दिवस दिल्यावर १६ पैकी केवळ एका रुग्णात परजीवी उरला. औषधाविना गोळी दिलेल्या १७ पैकी १५ जणांत तो तसाच होता. आपल्याकडे सेप्ट्रान, बॅक्ट्रिम या नावांनी घरोघरी माहीत असलेले हे औषध. दीड महिना अंथरुणाला खिळवणारा आजार आठवड्यात बरा होऊ शकत होता, पण त्याआधी त्याला ओळखावे लागत होते. सहा वर्षांचे हे काम वाचताना मला सर्वांत भावते ती त्या दवाखान्याची चिकाटी : रुग्ण सांगतो ते दुखणे आपल्या माहितीत बसत नाही, तर दुखण्यावर शंका न घेता आपली माहिती वाढवायची.

जिआर्डियाची गोष्ट याहून फार जुनी आहे. १६८१ साली डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांना जुलाब झाले तेव्हा त्यांनी स्वतःचेच शौच आपल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या रॉबर्ट हूक यांना पत्राने कळवले. ते वर्णन जिआर्डियाचे आहे असे आज मानले जाते. १८५९ साली प्राग शहरात व्हिलेम लांबल यांनी त्याचे नीट वर्णन केले. तरी पुढची शंभर वर्षे तो आतड्यातला निरुपद्रवी भाडेकरूच समजला गेला. तो खरोखर आजार करतो ही खात्री पटवण्यात प्रवाशांचा वाटा मोठा आहे. १९७०च्या सुमारास सोव्हिएत संघाची सहल करून परतलेले पाश्चात्त्य पर्यटक मोठ्या संख्येने जिआर्डियाने आजारी पडू लागले आणि धागा लेनिनग्राडच्या नळाच्या पाण्यापर्यंत पोहोचला.

जिआर्डिया आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. भिंतीला चिकटणाऱ्या रबरी चकतीसारखी चकती त्याच्या पोटाशी असते. तिच्या आधाराने तो लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला घट्ट धरून बसतो आणि अन्नातली चरबी, साखर नीट शोषली जात नाही. म्हणून शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाण्यावर तरंगणारे होते. पोटात गुबारा धरतो, सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात. परजीवी गेल्यानंतरही काही आठवडे दूध पचत नाही आणि रुग्णाला आजार परत आल्यासारखे वाटते. संसर्गाला दहा-एक पुटी, म्हणजे शौचातून बाहेर पडणारी त्याची कवचबंद रूपे, पुरतात आणि थंड पाण्यात त्या महिनोन् महिने तग धरतात.

हा आजार हलका समजू नये, याचा पुरावा नॉर्वेतल्या बर्गेन शहरातून आला. २००४ साली तिथल्या जलाशयात सांडपाणी झिरपले आणि हजारो लोकांना जिआर्डिया झाला. नॉर्वेच्या संशोधकांनी त्या रुग्णांची पाठ सोडली नाही. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांना आतड्याच्या चिडचिडेपणाचा त्रास होता. आजार न झालेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होते. दीर्घकाळचा थकवाही तितक्याच लोकांना होता. परजीवी गेला, तपासणी निर्दोष आली, तरी माणूस पूर्वीसारखा झाला नाही, असे सांगणारे रुग्ण खरे सांगत होते. त्यांना मानसिक ताणाचे लेबल लावून घरी पाठवण्याआधी प्रत्येक डॉक्टराने हा अभ्यास वाचावा, असे मला मनापासून वाटते.

भारताचे नाव या गोष्टीत एका काळजीच्या जागी येते. लंडनच्या हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीजेसने २००८ ते २०१३ या काळातल्या जिआर्डियाच्या रुग्णांचा अभ्यास केला. नेहमीच्या औषधगटाला, म्हणजे मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल यांना दाद न देणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले होते आणि दाद न देणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण भारतातून परतलेले होते. याचा संबंध आपल्या सवयींशी असण्याची शक्यता नाकारता येणार नाही. आपल्याकडे पोट बिघडले की औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी आणायची, दोन दिवस घ्यायची, बरे वाटले की उरलेली पट्टी खणात टाकायची, हे घरोघरी चालते. परदेशी जाताना तीच पट्टी बॅगेत जाते. अर्धवट घेतलेल्या औषधाने परजीवी मरत नाही, तपासणी मात्र अवघड होते. यावरचे प्रकरण जरा कठोर भाषेत लिहिले आहे, आणि ते मुद्दाम.

क्रिप्टोस्पोरिडियमबद्दल सर्वांत आधी सांगायचे ते त्याच्या कवचाबद्दल. अर्नेस्ट टिझर यांनी १९०७ साली तो उंदरात पाहिला. माणसातला पहिला रुग्ण नोंदला गेला तो १९७६ साली. त्या कवचामुळे, पिण्याच्या पाण्यात आपण जेवढे क्लोरीन घालतो तेवढ्यात हा परजीवी दिवसेंदिवस जिवंत राहतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात गाळणी यंत्रणा कमी पडली आणि सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले. नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन होतेच. पोहण्याचा तलाव हाही त्याचा आवडता मार्ग आहे, हे हॉटेलातल्या निळ्याशार तलावात मुलांना सोडणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे. निरोगी माणूस दोन-तीन आठवड्यांत यातून आपोआप बरा होतो. एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले यांच्यासाठी मात्र हा जिवावर बेतणारा आजार आहे. त्यांनी प्रवासाआधीच डॉक्टरांशी बोलावे. शिवाय जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम शौचातून बाहेर पडतात तेच संसर्गक्षम होऊन. परतलेल्या माणसाकडून ते घरातल्या लहानग्याकडे जाऊ शकतात. हाताला लावायच्या अल्कोहोलने क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही; साबण आणि वाहते पाणीच लागते.

अमिबाबद्दल मराठी वाचकाला उलट्या बाजूने सांगावे लागते. आपल्याकडे तो फार ओळखीचा आहे, इतका की जुन्या प्रत्येक पोटदुखीला ‘अमिबा आहे’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय पडली आहे. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदोर ल्योश यांनी आमांशाच्या रुग्णात तो प्रथम दाखवला. पण हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक निरुपद्रवी अमिबा आहे, हे फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प यांनी १९२५ साली मांडले आणि ते सर्वमान्य व्हायला १९९३ उजाडले. सूक्ष्मदर्शकाखालच्या पुटीवरून दोघांतला फरक कळत नाही. त्यासाठी प्रतिजन किंवा जनुकीय तपासणी लागते. त्यामुळे किती जणांनी विनाकारण गोळ्या खाल्ल्या असतील याचा विचार व्हायला हवा. खरा अमिबा मात्र गंभीर आहे. तो मोठ्या आतड्याला जखमा करतो, आव-रक्त पाडतो, आणि रक्तावाटे यकृतात पोहोचून गळू करतो. तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखते, ताप येतो, आणि जुलाब मुळीच नसतात असेही होते. उपचार दोन टप्प्यांचा आहे : आधी ऊतींमधला अमिबा मारणारे औषध, मग आतड्यात उरलेल्या पुटी घालवणारे दुसरे. दुसरा टप्पा गाळला तर आजार परतू शकतो.

निदानाच्या प्रकरणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे आणि ती पुनरुक्ती मी काढलेली नाही. नेहमीच्या शौचतपासणीत सायक्लोस्पोरा आणि क्रिप्टोस्पोरिडियम निसटतात. त्यांच्यासाठी वेगळे रंजन, म्हणजे नमुना खास रंगाने रंगवणे, करावे लागते आणि ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून मागावे लागते. परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. एका नमुन्यात काही नाही निघाले म्हणजे पोटात काही नाही, असा अर्थ होत नाही.

काळजी कशी घ्यावी, याबद्दल प्रवाशांना फार आत्मविश्वासाने सल्ले दिले जातात. उकळलेले, शिजवलेले, सोललेले खा, नाहीतर सोडून द्या, हे सूत्र योग्य आहे, पण ते पाळणारेही आजारी पडतात, असे अनेक पाहण्यांतून दिसले. कारण चूक बहुधा आपण पाहू शकत नाही अशा जागी, हॉटेलच्या स्वयंपाकघरात होते : हात धुवायला नळ नसतो, कच्च्या मांसाच्या फळीवरच काकडी चिरली जाते, शिजलेले अन्न तासन् तास बाहेर राहते. आजारी पडलेल्या प्रवाशाला ‘तूच काहीतरी खाल्ले असशील’ असे सुनावण्यात म्हणून अर्थ नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र पक्के सांगता येते. पाणी खळखळून एक मिनिट उकळावे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, गोरक्षेपसारख्या पाच हजार मीटरवरच्या ठिकाणी सुमारे ८३ अंशांना, पण हे परजीवी मरायला ते पुरते. गाळणी वापरायची तर एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांची, आणि तसे प्रमाणित असलेली. क्लोरीन-आयोडिनच्या गोळ्या जिवाणूंसाठी चांगल्या. सायक्लोस्पोरा आणि क्रिप्टोस्पोरिडियमपुढे त्या हतबल आहेत.

हे मराठीत लिहिण्याची निकड दोन वाटांनी आली. पहिली वाट इथून बाहेर जाणाऱ्यांची. पशुपतिनाथ-मुक्तिनाथला जाणारे ज्येष्ठ, एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाणारे तरुण, पुढे आग्नेय आशिया, पेरू, आफ्रिका गाठणारे आपले प्रवासी यांची एक ठाम समजूत असते : आपण भारतातले, आपल्या पोटाला सगळे चालते. लहानपणापासून झालेल्या संसर्गांनी थोडे संरक्षण मिळते हे खरे, पण ते अर्धेमुर्धे असते आणि प्रत्येक परजीवीला लागू पडत नाही. दुसरी वाट बाहेरून इथे येणाऱ्यांची. अमेरिका-इंग्लंडात वाढलेली नातवंडे शाळेच्या सुट्टीत, नेमक्या जून-जुलैच्या पावसात आजोळी येतात. हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा ती जास्त दिवस राहतात, घरचे सगळे खातात-पितात. पोट बिघडले की ‘पाणी बदलले, होईल बरे’ असे सांगितले जाते, आणि आजी-आजोबांना अपराधी वाटू नये म्हणून आई-बापही विषय वाढवत नाहीत. मूल परत गेल्यावर तिथल्या डॉक्टरला ही सुट्टी सांगितली गेली नाही, तर महिना वाया जातो. इथे कोणाच्या पाहुणचाराला दोष नाही. घरच्या माणसांनी जे केले ते प्रेमानेच केले; नळाला काय येते हे त्यांच्या हातात नव्हते.

नळाला काय येते, हाच शेवटी या पुस्तकाचा प्रश्न आहे. दक्षिण आशियातल्या कितीतरी शहरांत पाणी दिवसातून थोडाच वेळ येते. उरलेल्या वेळी नळातला दाब नाहीसा होतो आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. प्रवासी त्या व्यवस्थेत पंधरा दिवस राहतो; तिथली मुले जन्मल्यापासून राहतात. २०१३ साली आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांतल्या लहान मुलांच्या जुलाबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोलकाताही होते. अगदी लहान बाळांच्या गंभीर जुलाबांत रोटाव्हायरसच्या खालोखाल क्रिप्टोस्पोरिडियम निघाला. आठ देशांतल्या दुसऱ्या एका अभ्यासात काठमांडूजवळचे भक्तपूर आणि आपले वेल्लोर होते. ज्या बाळांना जिआर्डियाचा संसर्ग लवकर होऊन टिकून राहिला, ती दोन वर्षांची होईपर्यंत उंचीत मागे पडलेली दिसली, त्यांना जुलाब फारसे झाले नसले तरी. प्रवाशाचे काही किलो वजन परत येते. त्या मुलांची खुंटलेली उंची भरून निघेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून प्रवाशाच्या आजारावरचे पुस्तक केवळ प्रवाशापुरते ठेवणे मला पटले नाही. सायक्लोस्पोराचा शोध काठमांडूतल्या परदेशी लोकांमुळे लागला, कारण त्यांच्यासाठी दवाखाना होता, सूक्ष्मदर्शक होता, नोंदवही होती, चाचणीला पैसे होते. तेच ज्ञान तिथल्या माणसांच्या उपयोगी पडायला हवे. आणि परजीवी एका जागी थांबत नाहीत, हेही खरेच : १९९६ साली ग्वाटेमालाच्या रासबेरी फळांतून सायक्लोस्पोरा अमेरिका आणि कॅनडातल्या १,४६५ लोकांपर्यंत पोहोचला. त्यांतल्या बहुतेकांनी प्रवास केलेलाच नव्हता.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिल्या भागात दिवसांचा हिशेब आहे : केव्हा कोणता संशय धरावा. दुसऱ्या भागात चारही परजीवींची एकेक गोष्ट आहे. तिसऱ्या भागात तपासण्या आणि उपचार आहेत. औषधांची नावे डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून दिली आहेत, स्वतः घेण्यासाठी नाहीत. चौथ्या भागात पाणी, स्वयंपाकघर आणि लहान मुले आहेत. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा लहान मूल सुस्तावले असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावेत.

बाकीच्यांनी एक छोटे काम करावे. परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत कुठल्याही कारणाने डॉक्टरांकडे गेलात, तर कुठे गेला होता, कोणत्या तारखेला परतला आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, या तीन गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगा. आणि तुमच्या शौचात परजीवी सापडला, तर जिथून तो आला त्या यजमानाला, हॉटेलला, ट्रेकच्या आयोजकाला न रागावता कळवा. तुमच्यानंतर तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला त्याचा उपयोग होईल आणि तेच पाणी रोज पिणाऱ्या तिथल्या घरांना त्याहून जास्त.